शेवटी पोचेल तो जिंकला

चारठाण्यात एक मिस्त्री होता. मोटारसायकली दुरुस्त करायचा, आणि कुणी मनापासून म्हणालं तर चालवायलाही शिकवायचा. गोकुळेश्वराची जुनी बारव बघायला लोक ज्या गावात येतात, त्याच गावच्या माळावर सकाळी त्याची शिकवणी भरे. त्या वेळी शिकायला दोघं होते: एक अंगणवाडीताई आणि आजीजवळ वाढलेला अठरा वर्षांचा पोरगा. आजीला डोळे तपासायला जिंतूरला न्यायचं, म्हणून त्याला घाई.

मिस्त्रीनं चुन्याच्या दोन रेघा ओढल्या. "इथून तिथं जायचं. पाय टेकायचा नाही. शेवटी पोचेल तो जिंकला."

पोरानं मूठ पिळली आणि झपकन पलीकडे गेला. ताई अजून निम्म्यातच होत्या.

"काका, मला पळवायला शिकायचंय, रांगायला नाही!"

"पळवायला शिकावं लागत नाही, लेकरा. मूठ पिळली की गाडी पळतेच. नव्या गोऱ्ह्याला आपण पहिल्याच दिवशी भरल्या गाडीला जुंपतो का? ज्याला हळू हाकता येतं, त्यानंच जोरात हाकावं."

पोरगा पुन्हा रेघेवर आला. क्लच पूर्ण दाबला की गाडी डुले, एकदम सोडला की गचका देऊन बंद पडे. मधे एक जागा असते, तिथं इंजिनाचा आवाज किंचित दबतो आणि चाक ओढ घेतं. ती सांगून कळत नाही, बोटांनाच सापडावी लागते. मागचा ब्रेक हलका धरायचा, नजर लांब ठेवायची; ती पुढच्या चाकावर आली की पाय टेकलाच म्हणून समजा. ताईंनी त्याला हे सगळं न कंटाळता दाखवलं.

शिकाऊ लायसनवर शिकवणाऱ्याशिवाय कुणाला मागे बसवता येत नाही. आजी थांबली. तीस दिवस उलटल्यावर परभणीच्या आरटीओत पोरानं आठचा आकडा पाय न टेकता काढला.

आजीला घेऊन तो निघाला तो नेमका बाजाराच्या दिवशी. दोघांच्या डोक्यावर हेल्मेट. समोर हातगाड्या, शेळ्या, पिशव्या सावरणाऱ्या बाया. पोरगा अर्ध्या क्लचवर, एकही गचका न देता त्या गर्दीतून पार झाला. जिंतूरच्या रस्त्याला लागेपर्यंत आजीनं त्याचा खांदा एकदाही घट्ट धरला नाही.

तुमच्या घरातलं लेकरू गाडी शिकत असेल, तर किती जोरात चालवता येते हे त्याला विचारू नका. अंगणात दोन रेघा ओढून द्या, आणि पक्कं लायसन हाती येईपर्यंत त्याच्यामागे बसू नका.