माळवदाची किंमत

जुन्या घरांवर सर्वांत जास्त प्रेम कोण करतो? ज्याला त्यात राहावे लागत नाही तो! हा शोध मला कोल्हापूरजवळच्या कणेरी मठावर लागला. तिथले सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय आपण पाहिले असेलच. नसेल तर जरूर पाहा. उघड्यावर सबंध खेडे उभे केले आहे. बारा बलुतेदार आपापल्या कामात. सगळे सिमेंटचे, पण इतके हुबेहूब की आमच्या सौ.नी एकाला वाट विचारली. त्याने मान वर केली नाही. ह्यांना वाटले, बँकेतलाच कोणी असावा.

‘अशा घरात राहायला हवं होतं आपण!’ असे म्हणत, गाडीतला एसी वाढवून आम्ही लोणंदला परतलो.

हा गहिवर जगभरचा आहे. स्वीडनमध्ये आर्तुर हाझेलियस ह्या गृहस्थांनी १८९१ साली स्टॉकहोमला ‘स्कान्सेन’ उघडले. कारखाने वाढले, जुनी राहणी मोडू लागली, तेव्हा ह्यांनी देशभरातली घरे उतरवून आणून तिथे पुन्हा उभी केली. चेन्नईजवळचे ‘दक्षिणचित्र’ १९९६ सालचे. तिथेही दक्षिणेतली जुनी घरे अशीच नांदताहेत. म्हणजे, उभी आहेत. नांदायला माणसे लागतात.

आमचे लोणंद कांद्याच्या बाजारासाठी आणि माउलींच्या पालखीच्या मुक्कामासाठी प्रसिद्ध. इथल्या एक आक्का आमच्याकडे कर्ज मागायला आल्या. घर पाडून स्लॅबचे बांधायचे होते. मी पाहायला गेलो. हातभर जाड भिंती, जुन्या तुळया, वर मातीचे माळवद. बाहेर एप्रिल पेटलेला आणि आत गारवा. मी भाळलोच.

“आक्का, पाडू नका हो. असलं घर आता बघायला मिळायचं नाही.”

“व्हय की. बघायला लई ग्वाड हाय. मिरगाच्या आदी वर पांढरी माती कोन टाकनार? तुमी येनार व्हय?”

माती आणायची, पसरायची, तुडवायची, गवत उपटायचे, उंदरांची बिळे बुजवायची, शिवाय खाली सारवण. पूर्वी घरात दहा हात होते. आता मुले पुण्याला.

बँकेत दोन वर्षे व्यवहार झाला नाही की आम्ही खाते निष्क्रिय ठरवतो. मातीच्या घराला तेवढीही सवलत नाही. दरसाल भरणा हवाच. संग्रहालयात तो तिकिटाच्या, देणगीच्या पैशांतून होतो. आक्कांच्या घरी तो आक्कांच्या कमरेतून होत होता. पूर्वजांचा ठेवा सगळ्यांचा, हे मला मान्य. पण गहिवर आमचा आणि कंबर दुसऱ्याची, हा कुठला न्याय?

तरी मन मानेना. माळवद कसे तुडवायचे हे जाणणारे माणूस गावातून कमी होणार, आणि सिमेंटच्या पुतळ्याला विचारून उपयोग नाही. वर स्लॅबखाली आक्का भाजून निघणार. मी तसे बोललोही.

“पंखा लावू,” आक्का म्हणाल्या.

कर्ज मंजूर झाले. मूल्यांकनाच्या कागदावर ‘जुने बांधकाम’ ह्या रकान्यात शून्य होते. (कणेरीला त्याच्या नकलेलाही तिकीट आहे!) तुळया मात्र जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने रोखीने नेल्या. आता हायवेवरच्या एखाद्या ‘वाडा’ नावाच्या हॉटेलात त्या पिठल्याच्या थाळीवर लटकतील.

आक्कांनी एक तुळई ठेवून घेतली. कशाला, म्हणून विचारले.

“दारात टाकीन,” त्या म्हणाल्या, “सांजच्याला टेकायला.”