ताटावरचा पहारा

दुसऱ्याच्या ताटाकडे पाहू नये, असे आपल्याला लहानपणी शिकवतात. पण त्या दुसऱ्याला मधुमेह असला, की ताटाकडे पाहणे हेच आपले कर्तव्य होऊन बसते. निदान मी तरी तसे समजत होतो.

सात वर्षांपूर्वी लातूरच्या डॉक्टरांनी माझ्या पत्नीला वजन उतरवायला सांगितले. औशाला परतताना एस. टी.तच मी पहारेकऱ्याची जागा स्वतःकडे घेतली. तिची भाकरी मी मोजू लागलो. मी स्वतः काटकुळा. मी चार लाडू खाल्ले तर लोक कौतुकच करतात. तिने अर्धा उचलला तर सगळ्यांच्या नजरा वळतात.

मागल्या दिवाळीत शंकरपाळ्यांचा डबा मी माळ्यावर ठेवला. दिवसभर तिने धड काही खाल्ले नाही. रात्री स्वयंपाकघरात खुडबुड ऐकू आली. मांजर असेल म्हणून दिवा लावला. स्टुलाशेजारी उभी राहून ती डब्यातून खात होती. एक घास गिळण्याआधी दुसरा. चव घेत असल्याचे चेहऱ्यावर दिसत नव्हते.

"अहो, आधी दिवा मालवा," ती म्हणाली, "मग काय बोलायचं ते बोला."

मी बोललोच. पण नंतर झोप आली नाही. ही चोरी कोणी निर्माण केली?

१९७२ च्या दुष्काळात ती लहान होती. सुकडीची चव तिला अजून आठवते. अन्न टाकणे हे तिच्या लेखी पापच. पुढे या विकारात शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते. इन्सुलिन टोचले तर वजन वाढू शकते. काही गोळ्यांनीही वाढते. साखर एकदम उतरली तर वखवख सुटते. दिवसा उपाशी राहायचे, रात्री आवर सुटेपर्यंत खायचे, मग लाजेने पुन्हा उपाशी राहायचे, या चक्राला वैद्यक आज आजार मानते. मी मात्र त्याला हावरटपणा म्हणत होतो.

वजनावरून माणूस जोखणेही किती फसवे! पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपलेच उदाहरण मांडले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, निर्देशांक २२.३; पण अंगातली चरबी एकाची २१.२ टक्के, दुसऱ्याची ९.१. काट्याला शरीराचे आतले कळत नाही, तिथे शील कुठून कळणार?

मग गप्प बसावे काय? तेही प्रेम नव्हे. वजन उतरले तर साखर आटोक्यात येते, आणि न आल्यास डोळे, मूत्रपिंडे, पाय यांची किंमत तिलाच मोजावी लागेल. परंतु सोबत करणे आणि पहारा देणे यांत फरक आहे. पहारा माणसाला आधी चोर ठरवतो आणि मग चोर बनवतो.

रात्रीच्या खाण्याची गोष्ट पुढे तिनेच डॉक्टरांना सांगितली. ते रागावले नाहीत. वेळेवर, पोटभर जेवायला सांगितले, आणि मन मोकळे करायला कोणाकडे जावे तेही.

यंदा डबा खालच्या फळीवर आहे. आम्ही दोघे एकदमच जेवायला बसतो. माझी नजर अजूनही अधूनमधून तिच्या ताटाकडे जाते. तिला ते कळते. ती काही न बोलता वरणाची वाटी माझ्याकडे सरकवते.