विश्वासाचे ऋण

वरातीच्या धंद्यातून टाकून दिलेला एक घोडा मी घरी आणला. ज्या ताशांनी आणि फटाक्यांनी वऱ्हाडी हर्षभरित होतात, त्यांनीच त्याच्या अंगात कायमचे कापरे भरले होते. गेल्या पावसाळ्यात त्याच्या खुरात खिळा रुतला. घोड्याला धनुर्वाताचा धोका फार. इंजेक्शन अटळ होते.

पिंपळगावच्या मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेने त्याला दवाखान्यात नेले. मागून ट्रकचा भोंगा वाजला की तो थिजे. मी मानेवरून हात फिरवी, मग तो पाऊल टाकी.

दवाखान्यात मात्र तो उधळू लागला. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, वरच्या ओठाला दोरीचा पीळ द्या."

त्याच हाताने मी पीळ दिला. सुई टोचून झाली. त्याने माझ्याकडे पाहिले, आणि मीच नजर वळवली.

नाथांनी तहानलेल्या गाढवाला गंगाजल पाजले. ते गाढवाला हवे होते. माझी दया माझ्या घोड्याला नको होती! मग भल्यासाठी केलेली बळजबरी क्षम्य नव्हे काय? आहे, पण ती फुकट नाही. वर्गात 'तुमच्याच भल्यासाठी' म्हणून आपण मुलांना किती पीळ देतो, आणि वर कृतज्ञताही मागतो! वास्तविक ऋणी असतो तो पीळ देणारा.

आठवडाभर तो माझ्या हातचे हरभरे खाईना. मी रोज ओंजळ भरून दाराशी बसे. आठव्या दिवशी तळहाताला त्याचा ऊन श्वास लागला.

यंदा आमच्या अंगणात नुसत्या पणत्या आहेत. मुलांनी फटाके मागितले नाहीत.