वाचनालयात आवाज हवा

आपल्या बहुतेक वाचनालयांत ‘शांतता राखा’ अशी पाटी असते. अभ्यासाला बसलेल्या मुलांसाठी ती योग्यच आहे. पण त्या पाटीबरोबर एक समजूतही आपल्या मनात घट्ट झाली आहे. वाचन ही एकट्याने, मनातल्या मनात करायची गोष्ट आहे, असे आपण धरून चालतो. मराठी समाजाचा वाचनाचा इतिहास वेगळे सांगतो. इथे पुस्तक शतकानुशतके कानांनी वाचले गेले. एक जण वाचायचा आणि दहावीस जण ऐकायचे. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांनाही ग्रंथ येत होता.

श्रावणात पोथी लावण्याची चाल अजून पुष्कळ गावांत आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी श्रीधरांनी ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’ आणि ‘शिवलीलामृत’ लिहिले. हे ग्रंथ घराघरांत गेले ते वाचणाऱ्यांपेक्षा ऐकणाऱ्यांच्या जोरावर. कधी शाळेचे तोंड न पाहिलेल्या बायका पोथीतली प्रकरणे क्रमाने सांगत, ती याच ऐकण्यातून. ज्ञानेश्वरीच्या पारायणात रीत थोडी निराळी. सप्ताहात मंडपात ओळीने बसलेल्या प्रत्येकाच्या पुढ्यात ग्रंथ असतो, व्यासपीठचालक ओवी उचलतो आणि सगळे एका लयीत ती पुढे नेतात. ज्याचे अक्षर कच्चे आहे तोही शेजाऱ्याच्या आवाजाला धरून अध्याय पार करतो.

ही सवय एका धर्माची नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात राशोल इथे छापले गेले. ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत सांगणारा हा ग्रंथ तिथल्या ख्रिस्ती मंडळींनी चर्चमध्ये गाऊन, वाचून ऐकला. आमच्या काळातले सर्वांत जिवंत उदाहरण बौद्ध विहारांतले आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाचे तीन महिने, महाराष्ट्रातल्या कितीतरी वस्त्यांत संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. डॉ. आंबेडकरांचा हा इंग्रजी ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला, पुढे मराठीत आला आणि विहारात पोहोचला. तिथे तो कधी शिक्षक वाचतो, कधी कॉलेजात जाणारी मुलगी वाचते. वाचून झाल्यावर त्या भागावर चर्चा होते. शतकानुशतके ज्यांना ग्रंथाला हात लावू दिला नाही, त्या माणसांनी आपला ग्रंथ हाती घेऊन आपल्या आवाजात वाचणे, ही गेल्या सत्तर वर्षांतली मोठी सांस्कृतिक घटना आहे.

सवय एक, पण दारे वेगवेगळी. मंडपात बसणारे मंडपात, विहारात बसणारे विहारात, चर्चमध्ये बसणारे चर्चमध्ये. एकाच गावात, एकाच भाषेत, काही फर्लांगांवर वाचन चालू असते आणि एका ठिकाणचे वाचलेले दुसऱ्याच्या कानावर पडत नाही. यात त्या त्या वाचनाचा दोष नाही. समाजाला आतून बळ देणे हे त्याचे काम आहे आणि ते त्याने चोख केले. पण शेजारच्या वस्तीशी नाते जोडण्याचे काम त्याच्यावर टाकता येणार नाही. श्रद्धेच्या ग्रंथापुढे परका माणूस पाहुणा म्हणून बसतो, मनातली शंका बोलायला कचरतो, आणि ते स्वाभाविक आहे.

मोठ्याने वाचण्याची आणखी एक परंपरा आपल्याकडे आहे, आणि तिच्यात शंकेला जागा होती. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ मध्ये पूर्ण केला. लिहीत असतानाच त्यातले भाग त्यांनी पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवले. ज्या शेतकऱ्याविषयी लिहिले त्यानेच ते आधी ऐकले, नंतर ते पुस्तक झाले. ‘मूकनायक’ १९२० मध्ये निघाला आणि ‘बहिष्कृत भारत’ १९२७ मध्ये, तेव्हा ज्यांच्यासाठी ही पत्रे होती त्यांतल्या फार थोड्यांना वाचता येत होते. चाळीत, वस्तीत एखादा शिकलेला माणूस अंक वाचून दाखवी आणि भोवतीचे ऐकत. वर्तमानपत्राला कोणी नमस्कार करून बसत नाही. ऐकणारा मध्येच विचारतो, अडवतो, पुन्हा वाच म्हणतो. वाचणारा आणि ऐकणारे यांच्यात उंची राहत नाही.

वाचनालये याच्या आधीपासूनच उभी राहत होती. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे. पुण्याच्या नगर वाचन मंदिराचा आरंभ १८४८ मध्ये लोकहितवादींच्या पुढाकाराने झाला. सावित्रीबाई आणि जोतीरावांनी मुलींची शाळा काढली तेही त्याच वर्षी, त्याच शहरात. आरंभीची वाचनालये वर्गणी देऊ शकणाऱ्या शिकलेल्या पुरुषांची होती. ती सर्वांची व्हावीत यासाठी पुढे राज्यसंस्थेने हात घातला. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी मोफत सार्वजनिक ग्रंथालयांची व्यवस्था उभारली, १९१० मध्ये त्यासाठी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावले आणि पुस्तकांच्या फिरत्या पेट्या खेड्यांत पाठवल्या. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये ग्रंथालय कायदा केला. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. आज राज्यात अकरा-बारा हजार शासनमान्य ग्रंथालये आहेत. गावात जात, धर्म, पक्ष न विचारता ज्यांच्या दारातून कोणीही आत येऊ शकतो अशा जागा किती उरल्या आहेत, हे मोजून पाहिले की या आकड्याचे मोल कळते.

पण या दारातून आत आलेला माणूस पुस्तक बदलून घरी जातो. एकच कादंबरी वर्षभरात गावातली चाळीस घरे फिरून येते आणि त्या चाळीस घरांना एकमेकांचा पत्ता लागत नाही. भिलार हे २०१७ पासून पुस्तकांचे गाव झाले, घराघरांत पुस्तके मांडली गेली, ही आनंदाची गोष्ट आहे. तिथेही वाचणारा मात्र आपापल्या खुर्चीत एकटाच असतो. म्हणजे पारायणात आवाज आहे पण दार आपल्यापुरते, आणि वाचनालयाचे दार सर्वांना उघडे पण तिथे आवाज नाही. या दोहोंची गाठ घालणे हे आजच्या वाचनालयाचे काम आहे, असे मला मनापासून वाटते.

ही गाठ पडते तेव्हा काय घडते, याचा एक मोठा दाखला क्यूबाच्या सिगार कारखान्यांत आहे. हवानातल्या ‘एल फिगारो’ या कारखान्यात १८६५ मध्ये कामगारांनी एक वाचक नेमला. शेकडो माणसे रांगांनी बसून हातांनी सिगार वळत असत. हात गुंतलेले, कान मोकळे. वाचकाचा पगार मालक देत नसे. कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढत आणि काय वाचायचे ते स्वतः ठरवत. सकाळी वर्तमानपत्रे, नंतर ह्यूगो, सर्व्हांटिस, झोला यांच्या कादंबऱ्या. वसाहतीच्या गव्हर्नरने पुढच्याच वर्षी या वाचनावर बंदी घातली. बंदी टिकली नाही. क्यूबातून निघालेल्या कामगारांबरोबर वाचक अमेरिकेतल्या फ्लोरिडात, टॅम्पा शहराच्या यबोर सिटीत पोहोचला. तिथल्या कारखान्यांत क्यूबन, स्पॅनिश, आफ्रिकी वंशाचे क्यूबन आणि सिसिलीहून आलेले इटालियन एकत्र काम करत होते. उंच मंचावर बसलेला वाचक एकच आणि कथा एकच. इटालियन कामगार ऐकता ऐकता स्पॅनिश शिकले. क्यूबाच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते होसे मार्ती १८९१ मध्ये टॅम्पाला आले तेव्हा त्या स्वातंत्र्याचा विचार समजून घेणारा श्रोता या कारखान्यांत तयार होता. १९३१ मध्ये मालकांनी वाचकांना काढून टाकले, तेव्हा कामगारांनी काम बंद केले. वाचक तिथे परत आला नाही; त्याच्या जागी रेडिओ आला.

या गोष्टीचा दुसरा भागही सांगितला पाहिजे. फ्लोरिडात वंशभेदाचे कायदे होते. कारखान्यात शेजारी बसणारे गोरे आणि काळे क्यूबन संध्याकाळी वेगवेगळ्या मंडळांत जात. १९०० च्या सुमारास काळ्या क्यूबन कामगारांना आपली वेगळी संस्था काढावी लागली. एकत्र ऐकल्याने कायदा आणि रूढी मोडत नाहीत. जातीच्या बाबतीतही तसेच आहे. वाचनाच्या बैठकीने रोटीबेटीचे प्रश्न सुटतील असे कोणी म्हणू नये. पण वाचक काढून टाकल्याचे संकट आले तेव्हा टॅम्पाचे हे सगळे कामगार कोणत्या गोष्टीसाठी मिळून उभे राहिले, तेही पाहावे. त्यांच्यात सामाईक म्हणावे असे जे थोडे होते, त्यात ते ऐकणे होते.

आपल्या देशातही हे घडले आहे. केरळात कण्णूर भागातल्या विडी कामगारांत वाचनाची अशीच रीत होती. एक जण वर्तमानपत्र वाची आणि त्याच्या वाटच्या विड्या बाकीचे वळून देत. वाचणाऱ्याची भाकरी ऐकणाऱ्यांनी सांभाळली की वाचन कोणाचे उपकार राहत नाही, ते सगळ्यांच्या मालकीचे होते.

या दाखल्यांतून मला तीन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. बैठक मिश्र हवी. काय वाचायचे ते बसणाऱ्यांनी ठरवावे. आणि वाचणाऱ्याला थांबवण्याचा हक्क प्रत्येकाला असावा. ‘थांबा, हे पटत नाही’ असे म्हणता येईल तिथेच ऐकणारा सहभागी होतो. आमचे बहुतेक साहित्यिक कार्यक्रम इथेच फसतात. हारतुरे, प्रास्ताविक, प्रमुख पाहुणे, आभार यांत पुस्तक बाजूला पडते आणि श्रोत्याला तोंड उघडायला जागा राहत नाही.

काय वाचावे, हा प्रश्न नाजूक आहे. कोणाच्याही श्रद्धेच्या ग्रंथापासून सुरुवात करू नये, कारण तिथे एक बाजू यजमान होते. राजकीय पत्रकांनीही नको. मराठीत आत्मचरित्रांचे अपार धन आहे, तिथून आरंभ करावा. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त सोवळ्यात वाढलेली एक बाई नवऱ्याच्या धर्मांतराने हादरते आणि हळूहळू माणसामाणसांतले अंतर स्वतःच्या मनातून काढून टाकते. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ चे आणि बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ त्यानंतरचे. आपण ज्या गावाला गोकुळ समजतो त्याच गावाची दुसरी बाजू त्यांत आहे. आत्मचरित्रांच्या जोडीला कादंबरीही चालेल: व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त धनगरांच्या वस्तीत गेलेला तरुण मास्तर आहे. अशी पुस्तके मोठ्याने वाचताना एक विलक्षण गोष्ट घडते. मनात वाचताना ‘मी’ लेखकाचा असतो. चारचौघांत वाचताना तोच ‘मी’ वाचणाऱ्याच्या तोंडून बाहेर पडतो. सवर्ण घरातला मुलगा ‘बलुतं’ वाचतो तेव्हा अपमानाची ती वाक्ये त्याला स्वतःच्या आवाजात उच्चारावी लागतात, आणि ज्यांच्या घरात तो अपमान प्रत्यक्ष झाला ते समोर बसून ऐकत असतात. तो अडखळतो. त्या अडखळण्यात जे कळते ते समतेवरच्या दहा भाषणांनी कळत नाही. सहानुभूती मनात कोंडून ठेवता येते. उच्चारलेल्या शब्दाची जबाबदारी घ्यावी लागते.

यातून वाद होतील, असे म्हणणारे लोक आहेत. होतील. आज वाद होतच आहेत, पण ते मोबाइलवर, कोणीतरी दुसऱ्याने पाठवलेल्या चार ओळींवरून, समोर माणूस नसताना होतात. पुस्तक मध्ये असले की वादाला आधार राहतो. मागचे पान उलटून नेमके काय लिहिले आहे ते पाहता येते आणि उद्या पुन्हा याच लोकांत बसायचे आहे हे भान राहते. दुसरी तक्रार वेळेची. जे गाव वर्षात सात दिवस सप्ताहाला देते आणि जी वस्ती तीन महिने संध्याकाळी विहारात बसते, त्यांना आठवड्यातला एक तास जड नाही. तिसरा आक्षेप गंभीर आहे: खरे वाचन एकांतातच होते. एकांतातल्या वाचनाची जागा कोणी घेऊ शकत नाही, हे मला मान्य आहे. पण एकांतात माणूस स्वतःला भेटतो. शेजाऱ्याला भेटायचे तर त्याच्याबरोबर बसावे लागते.

बैठकीची वेळ ठरवताना बायकांचा विचार आधी करावा. वाचनालयाची संध्याकाळ बहुतेक गावांत पुरुषांची असते. पोथी दुपारी लागत असे, त्याला कारण होते. अनुदानासाठी वाचनालयाचा दर्जा पाहताना ग्रंथसंख्या, सभासद, वर्तमानपत्रे मोजली जातात. वर्षभरात किती वेळा लोक एकत्र बसून वाचत होते, हेही त्यात धरले जावे, अशी मागणी ग्रंथालय संघांनी लावून धरावी. पण त्यासाठी थांबायचे कारण नाही. पुस्तके कपाटात आहेत, जागा आहे, आणि बसून ऐकण्याची सवय या मातीत जुनी आहे. ग्रंथपालाने एक वार आणि एक तास ठरवावा, गावातल्या प्रत्येक आळीत आणि वस्तीत स्वतः जाऊन निरोप द्यावा, आणि पहिली बैठक पाच माणसांची झाली तरी ती चालू ठेवावी. शांततेची पाटी तेवढा एक तास उतरवून ठेवायला हरकत नाही.