दोन नोंदी, एक नेमणूक

गावाकडे दोन वर्षांचं एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) करून मुंबईत आलेली एखादी मुलगी काही वर्षं नोकरी करते, पैसे साठवते आणि मग तीन वर्षांचं जीएनएम (जनरल नर्सिंग आणि मिडवाइफरी) पुरं करते. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या दप्तरी आता तिच्या दोन नोंदी असतात. ती घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या छोट्या नर्सिंग होममध्ये बायोडेटा घेऊन फिरू लागते आणि एका ठिकाणी तिला सांगितलं जातं, "जागा एएनएमची आहे, पण तुम्ही याल तर बरंच होईल."

बरंच कुणाचं होईल, याचा विचार मनातून जात नाही. खोलीचं भाडं डोक्यावर असताना तिने हो म्हटलं, तर तिला दोष देणारी मी कोण? पण रात्री बाळंतिणीचा रक्तस्राव वाढला, नाडी जलद लागली, तर तीन वर्षांत शिकलेलं सगळं तिला दिसणारच. 'मी एएनएमच्या जागेवर आहे' असं म्हणून ती डोळे मिटून घेऊ शकत नाही. घ्यावेतही कसे? आणि काही विपरीत घडलंच, तर जीएनएम असून लक्षात कसं आलं नाही, हे तिलाच विचारलं जाईल. जबाबदारी वरच्या नोंदीची आणि पगार खालच्या नोंदीचा, हे मला अन्यायाचं वाटतं.

खाजगी रुग्णालयांतल्या परिचारिकांचा पगार हा काही नवा प्रश्न नाही. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून केंद्राने समिती नेमली. 50 पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही परिचारिकेला महिना किमान 20,000 रुपये मिळावेत आणि 200 हून अधिक खाटा असतील तिथे सरकारी परिचारिकेइतका पगार असावा, असं त्या समितीने सुचवलं. शिफारस राज्यांकडे गेली. गल्लीतल्या किती नर्सिंग होमच्या पगारपत्रकात ती उतरली, हे तिथल्या सिस्टरनाच विचारावं.

उलट मोठ्या रुग्णालयात अर्ज करताना दोन्ही नोंदी असलेल्या काही जणी एएनएमचा उल्लेखच गाळतात. याचं मला फार वाईट वाटतं. घरोघरी जाऊन गरोदर बाईची चौकशी करणं, बाळाचं वजन, लसीकरण, घाबरलेल्या सासूची समजूत घालणं, हे सगळं त्या दोन वर्षांत हातात बसलेलं असतं. ते अभिमानाने लिहावं.

मात्र सही करण्याआधी नेमणुकीच्या पत्रात पदाचं नाव काय आहे, ते वाचावं. जागा एएनएमची असेल, तर रात्रपाळीला जीएनएम कोण असेल, हे मुलाखतीतच विचारावं. "तुम्ही आहात ना!" असं उत्तर आलं, तर पदही जीएनएमचंच लिहून मागावं आणि पगारही.