शिकवणाऱ्याला कोण शिकवतो?



आपल्या असोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. मुलगा सोपानदेव आणि एका नातलगाने त्यांच्या ओव्या लिहून घेतल्या, म्हणून १९५२ साली त्या पुस्तकरूपाने आल्या. सोपानदेवांना कुणा गुरुजींनी अक्षरे शिकवली असतील. पण त्या गुरुजींना शिकवावे कसे, हे कुणी शिकवले?

सावित्रीबाई फुले यांच्याबाबत याचे उत्तर सापडते. तेव्हाच्या अहमदनगरमध्ये मिस सिंथिया फरार यांच्याकडे त्यांनी अध्यापनाचे धडे घेतले. मिस फरार १८२७ साली अमेरिकन मिशनतर्फे मुंबईत आल्या होत्या. त्या मिशनचा खर्च अमेरिकेतील प्रॉटेस्टंट भाविकांच्या वर्गणीतून चाले. त्या देणगीदारांनी सावित्रीबाईंना कधी पाहिलेही नाही.

आज बी.एड.चे विद्यार्थी सरावासाठी शाळेत जातात. वर्गात मागे बसून त्यांचा पाठ पाहणारा, चूक प्रेमाने सांगणारा अनुभवी शिक्षक त्यांना लागतो. त्याच्या मानधनासाठी वर्गणी मागितली, की आपला हात आखडतो. वर्गखोलीसाठी मात्र आपण सहज देतो. खोली दिसते, तिच्यावर नावाची पाटीही लागते.

खोलीही हवीच. पण गुप्त दान म्हणजे केवळ देणाऱ्याचे नाव झाकणे नव्हे. कधीकधी दानाचे फळही देणाऱ्यापासून झाकलेले राहते. असे दान अधिक कठीण. म्हणून हिशेब जरूर मागावा. पाटी मागू नये.