बिनजाळ्याचा कोळी

कोळी म्हटला की जाळं आलंच, अशी आपली समजूत. आम्हा भाईंदरकरांची तर ती जास्तच पक्की. कारण उत्तनच्या किनाऱ्यावर दोन पायांच्या कोळ्यांची जाळी वाळत असतात. पण भिंतीवर तळहाताएवढा पसरणारा आठ पायांचा शिकारी कोळी जाळ्याच्या भानगडीत पडत नाही. तो धावून भक्ष्य पकडतो. पाय खेकड्यासारखे आडवे आणि अंग असं चपटं, की कॅलेंडरमागे बिऱ्हाड थाटावं! लिनिअस या स्वीडिश पंडिताने १७६७ साली त्याचं बारसं केलं, तेव्हा नावातच शिकार घातली. जहाजांतून, फळांच्या पेट्यांतून फुकट प्रवास करीत हे घराणं जगभरच्या उष्ण प्रदेशांत पोचलं आहे.

आमच्या ब्लॉकात त्याच्यावरून धर्मसंकट उभं राहिलं. मी चप्पल उचलली, तशी सौ. म्हणाली, "अहो, मारू नका. झुरळं खातो तो."

"आपल्यासाठी का खातो? पोटासाठी खातो!"

"मग तुम्ही इतकी वर्षं ऑफिसात कशासाठी गेलात?"

आता बोला! हेतू शुद्ध असल्याशिवाय उपकार मानायचे नाहीत असं ठरवलं, तर दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत कुणाचेच आभार मानता येणार नाहीत. कोळी बिचारा आभार मागतही नाही. त्याचा चावा दुखतो, पण माणसाच्या जिवावर बेतत नाही. आणि हात लावल्याशिवाय तो सहसा चावतही नाही. म्हणजे गुन्हा उरला एकच: रूप. त्यासाठी देहदंड द्यायचा, तर रोज आरशासमोर दाढी करणाऱ्याने जरा जपूनच न्याय करावा.

झुरळाला विचाराल तर कोळी राक्षसच. पण झुरळाने तरी आपलं काय घोडं मारलंय, असा प्रश्न येतो आणि तिथे माझी करुणा संपते. माणसाची करुणा ब्लॉकसारखीच असते; कुठेतरी भिंत येतेच. ती वीतभर पलीकडे सरकली तरी पुष्कळ.

पुढच्याच आठवड्यात सोसायटीत औषधफवारणी निघाली. औषधाला झुरळ आणि कोळी यांतला फरक कळत नाही. त्यातून आमचा पाहुणा ही पाहुणी निघाली. पोटाखाली अंड्यांची चपटी, पांढरट पिशवी धरून वावरणारी. मी सेक्रेटरींना म्हटलं, "आमचा ब्लॉक वगळा."

"कारण?"

"घरात बाळंतपण आहे."

त्यांनी माझ्या पांढऱ्या केसांकडे एकवार पाहिलं आणि निमूटपणे वहीत फुली मारली.